फळ आंबते ते कोणासाठी? वर्षावनातील रानटी यीस्टची गोष्ट

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवण्यात आली, तेव्हा गाटुन सरोवरात एका डोंगराचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. तेच आजचे बारो कोलोरादो बेट. तेथील घनदाट वर्षावनात राहणाऱ्या कोळी माकडांना ‘होबो’ हे पिवळे, आंबटगोड फळ फार प्रिय आहे. होबो हा कोकणातल्या आंबाड्याचा जवळचा भाऊबंद. माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेली ही फळे ख्रिस्टिना कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा करून तपासली, तेव्हा गरात साधारण एक ते दोन टक्के मद्यार्क आढळला. सहा माकडांच्या मूत्राचे नमुने घेतले असता पाचांमध्ये मद्यार्काच्या पचनातून तयार होणारी द्रव्येही सापडली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे एक जुना वाद पुन्हा तापला. त्या वादाच्या मुळाशी मात्र माकड नाही, तर डोळ्यांना न दिसणारा एक जीव आहे.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिची पेशी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी असते. फळाची साल अखंड असेपर्यंत तिला आत शिरकाव नसतो. कीटकाने छिद्र पाडले, पक्ष्याने चोच मारली किंवा पिकून साल तडकली, की साखरेचे कोठार उघडते. मग यीस्टबरोबर जिवाणू आणि इतर बुरशीही त्यावर तुटून पडतात. वर्षावनाच्या दमट उष्म्यात ही शर्यत फार वेगाने चालते.

डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९७७ साली एक साधाच वाटणारा प्रश्न विचारला होता: फळे कुजतात का? त्याचे उत्तर असे, की कुजणे हा अपघात नसून सूक्ष्मजीवांचा डाव आहे. फळ एखाद्या प्राण्याने गिळले तर त्यावरचे सूक्ष्मजीवही त्याच्या पोटात जाणार. तेव्हा ते फळ बेचव, दुर्गंधी किंवा विषारी करून टाकणे त्यांच्या हिताचे. हा विचार आजही वाचनीय आहे. मात्र यीस्ट त्यात पुरतेपणी बसत नाही.

यीस्टचा मद्यार्क हे प्रथमतः शस्त्रच आहे. प्राणवायू उपलब्ध असतानाही सॅकरोमायसिस जातीचे यीस्ट साखरेचे पूर्ण ज्वलन न करता तिचा मद्यार्क बनवते. ऊर्जेच्या हिशेबाने ही निव्वळ उधळपट्टी. पण त्या मद्यार्काने बहुतेक प्रतिस्पर्धी मरतात किंवा मंदावतात. साखर संपली की हेच यीस्ट दुसऱ्या विकराच्या साहाय्याने तो मद्यार्क अन्न म्हणून वापरू लागते. आधी शेजाऱ्याच्या ताटात तिखट ओतायचे आणि मागाहून ते सगळे आपणच खायचे, असा हा व्यवहार. प्रत्येक यीस्टला तो साधत नाही. ताज्या फळावर आधी हान्सेनियास्पोरा या लिंबाच्या आकाराच्या पेशींचे राज्य असते. मद्यार्क वाढू लागला की ते मागे पडते आणि तो सोसणारे सॅकरोमायसिस उरते. गोव्यात काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस पारंपरिक पद्धतीने आंबतो, तोही याच रानटी यीस्टच्या बळावर. फेणी गाळणारा त्यात विकतचे यीस्ट घालत नाही. सालीवरून आणि मडक्यातून जे येईल त्यावरच त्याची भिस्त.

शस्त्र हाती असले तरी यीस्टची एक अडचण उरतेच. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. एक फळ संपले की पुढच्या फळापर्यंत कोणीतरी न्यावे लागते. बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात केव्हिन फर्स्ट्रेपेन विद्यार्थी असताना शेजारच्या प्रयोगशाळेतून फळमाश्या निसटल्या आणि यीस्टच्या चंबूंपाशी जमल्या. एका चंबूकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली. त्यातील यीस्टमधले सुगंधी द्रव्ये बनवणारे जनुक निकामी केलेले होते. या निरीक्षणाचा पाठपुरावा होऊन २०१४ साली सविस्तर प्रयोग प्रसिद्ध झाले: यीस्ट फळासारखा, काहीसा केळ्यासारखा वास निर्माण करते आणि त्या वासाने आलेल्या माश्या त्याला अंगावर वाहून नेतात. माशीलाही त्यात तोटा नाही. तिच्या अळ्या यीस्टवरच पोसतात.

हाच वास माकडांपर्यंतही पोहोचत असेल का? बर्कली येथील जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट डडली यांनी २००० साली मांडलेला सिद्धान्त याविषयीच आहे. घनदाट जंगलात पिकलेले, शर्करायुक्त फळ शोधण्यासाठी मद्यार्काचा गंध ही उत्तम खूण होती. माणसाचे मद्याकडे असलेले आकर्षण हा त्या जुन्या फलाहाराचा वारसा होय, असे त्यांचे म्हणणे. त्याच विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ कॅथरिन मिल्टन यांनी २००४ साली त्यावर कडाडून टीका केली. त्यांच्या मते वानर अतिपक्व, आंबलेली फळे उलट टाळतात.

त्यानंतरचे पुरावे डडली यांच्या बाजूने झुकले, असे म्हणावे लागेल. गोरिला, चिंपांझी आणि मानव यांच्या सामाईक पूर्वजात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी एडीएच४ या विकरात बदल झाला आणि मद्यार्क पचवण्याची त्याची क्षमता चाळीस पटींनी वाढली. जमिनीवर पडलेली, अधिक आंबलेली फळे खाण्याशी संशोधक त्याचा संबंध जोडतात. २०२५ मध्ये युगांडातील किबाले आणि आयव्हरी कोस्टमधील ताई येथील जंगलांत चिंपांझींच्या आहारातील २१ जातींची फळे मोजली गेली. मद्यार्क सरासरी पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्यच वाटावा असा. परंतु चिंपांझी दिवसाला साडेचार किलो फळे खातो, आणि त्यातून सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क त्याच्या पोटात जातो. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणतात ते इतकेच. ब्रिटनमधील एक युनिट तर आठच ग्रॅमचे. तरीही चिंपांझी झिंगलेले दिसत नाहीत, कारण ही मात्रा दिवसभरात थोडी थोडी आणि भरल्या पोटी जाते.

चिंपांझी जास्त आंबलेले फळ मुद्दाम निवडतो, की पिकलेले फळ घेताना मद्यार्क ओघाने येतो, हे मात्र या मोजणीतून ठरत नाही. त्यासाठी एकाच झाडाखाली त्याने खाल्लेली आणि नाकारलेली फळे शेजारी शेजारी ठेवून तपासावी लागतील.