पगार, बोनस आणि नफ्यातील वाटा

आपल्या समाजातील मुले पूर्वी शिक्षण संपताच पेढीवर येऊन बसत. आता पर्वत पाटियातील कित्येक घरांतील मुलेमुली सी. ए. होऊन मुंबईस जातात, आणि त्यांपैकी काही 'प्रायव्हेट इक्विटी' नावाच्या धंद्यात नोकरी धरतात. पुढे सोयरीक ठरविताना 'मिळते किती?' हा प्रश्न निघतो. आणि जे उत्तर येते त्यात पगार, बोनस व अद्याप कोणाच्याही हाती न पडलेला नफा एकाच आकड्यात मिसळलेला असतो. त्या आकड्याची फोड कशी करावी, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रायव्हेट इक्विटीची पेढी म्हणजे दुसऱ्यांचे भांडवल गोळा करून चालत्या कंपन्यांत मोठा हिस्सा घेणारी, आणि काही वर्षांनी तो अधिक भावाने विकणारी संस्था होय. भांडवल विमा कंपन्यांचे, पेन्शन फंडांचे व धनिक कुटुंबांचे असते. भारतात स्थापन झालेल्या अशा फंडांस सेबीचे २०१२ चे नियम लागू आहेत. त्यांअन्वये गुंतवणूकदारास सामान्यतः किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, आणि फंड चालविणारासही फंडाच्या अडीच टक्के अथवा ५ कोटी, यांतील जी रक्कम कमी असेल ती आपल्या पदरची ठेवावी लागते. हा दुसरा नियम मला फार पसंत आहे. ज्याचे स्वतःचे पोते गोदामात नाही, त्याला पावसाची चिंता तितकीशी वाटत नाही.

पेढीची मिळकत दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग फीचा. गुंतवणूकदारांनी देऊ केलेल्या रकमेवर साधारणतः दरसाल २ टक्के, अशी जुनी रीत आहे; मोठ्या फंडांत दर कमीही असतो. १,००० कोटींच्या फंडावर ही रक्कम वर्षाला २० कोटी झाली. कचेरीचे भाडे, प्रवास, वकील आणि सर्व नोकरांचे पगार यांतूनच भागतात, व वर्षअखेरचा रोख बोनसही यांतूनच दिला जातो. म्हणून बोनसची मर्यादा आधी फीने ठरते, नोकराच्या हुशारीने नंतर.

हा बोनस आपल्या परिचयाचा बोनस नव्हे. १९६५ च्या बोनस कायद्याने वेतनाच्या ८.३३ टक्के हा किमान व २० टक्के हा कमाल दर ठरविला, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच दर ठेवले; परंतु तो हक्क ठरावीक वेतनमर्यादेच्या आतील कामगारांचा आहे. फंडातील तरुणाचा पगार त्या मर्यादेच्या कितीतरी वर असल्यामुळे त्याचा बोनस केवळ कराराचा व मालकाच्या मर्जीचा विषय राहतो. चांगल्या साली तो वर्षाच्या पगाराइतकाही होतो, वाईट साली शून्य. सुरतेत दिवाळीला मोटारी व घरे वाटणाऱ्या हिरे व्यापाऱ्यांची कीर्ती सर्वत्र आहे. पण तीही देणाराची खुशी असते, घेणाराचा हक्क नव्हे.

दुसरा मार्ग नफ्यातील वाट्याचा. त्यास 'कॅरी' म्हणतात. खरी संपत्ती होते ती येथे. समजा, १,००० कोटी गुंतविले व ५ वर्षांनी त्यांचे २,००० कोटी आले. फी बाजूस ठेवू. प्रथम गुंतवणूकदारांस मुद्दल परत मिळते. नंतर त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने, म्हणजे सुमारे ४६९ कोटी, त्यांनाच जातात. त्यानंतरचे सुमारे ११७ कोटी चालविणारे घेतात, म्हणजे तोवरच्या एकूण नफ्याचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे येतो. उरलेल्या सुमारे ४१४ कोटींची वाटणी ८० व २० अशी होते. अखेर हिशेब जुळतो: गुंतवणूकदारांस ८०० कोटी, चालविणारांस २००. मात्र नफा त्या ८ टक्क्यांच्या खाली राहिला, तर चालविणारांस यातून एक पैसाही नाही.

आपल्या शेजारच्या भरूच जिल्ह्यात पानोली व अंकलेश्वर येथे कारखाने असलेली, 'रँटॅक' गोळीमुळे घरोघरी ठाऊक झालेली जे. बी. केमिकल्स ही कंपनी पाहा. २०२० च्या जुलैमध्ये के. के. आर. या अमेरिकन पेढीने संस्थापक मोदी कुटुंबाचा ५४ टक्के हिस्सा शेअरमागे ७४५ रुपयांनी घेण्याचा करार केला. २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले, म्हणजे खरेदी ३७२.५० रुपयांस पडली. २०२५ च्या जूनमध्ये टोरेंट फार्माशी विक्रीचा करार झाला, तो १,६०० रुपये भावाने. पाच वर्षांत सव्वाचार पटींहून अधिक! असा सौदा पदरात पडला म्हणजे कॅरीचा अर्थ समजतो. पण असे सौदे मोजके असतात, आणि दहा वर्षांच्या फंडात दोन-तीन सौदे बुडालेलेही असतात.

आता घरच्यांनी जपावयाचे ते असे. कॅरीवरील हक्क एकदम मिळत नाही. वर्षागणिक थोडा थोडा पिकतो. मध्येच नोकरी सोडली तर न पिकलेला भाग बहुधा जातो, आणि गैरवर्तनावरून काढले गेल्यास पिकलेलाही जाऊ शकतो. रोकड येते ती कंपनी विकल्यावर, म्हणजे कित्येकदा सहा-सात वर्षांनी. आरंभीच्या नफ्यावर वाटा दिला आणि पुढे तोटा झाला, तर तो परत मागण्याची अटही करारात असते. नव्या मुलास तर कॅरी बहुधा मुळीच नसते. अशा आकड्याच्या भरवशावर वेसूत फ्लॅटचे कर्ज काढणे, अथवा वधूपक्षास तो वार्षिक उत्पन्न म्हणून सांगणे, हे मला सरळ वाटत नाही. 'गेल्या तीन वर्षांत बँकेत प्रत्यक्ष काय जमा झाले?' हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

फंडाने विकत घेतलेल्या कंपनीतील अधिकाऱ्यांचाही एक प्रश्न आहे. विक्रीच्या नफ्यातून त्यांना परस्पर वाटा देण्याचे करार होत. मग अधिकारी सर्व भागधारकांचा की एकाच मोठ्या भागधारकाचा? १७ व्या शतकात सुरतेच्या वखारीतील इंग्रज नोकर अल्प पगारावर राहून खासगी व्यापारात श्रीमंत होत. तेथेही अडचण हीच होती. २०१७ च्या जानेवारीत सेबीने नियम केला, की शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत असा करार संचालक मंडळाच्या व सामान्य भागधारकांच्या पूर्वसंमतीवाचून करता येणार नाही.

राहिला कराचा वाद. कॅरी हा नफा की मेहनताना? आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचे ६ वे कलम सांगते, की मुनिमास मोबदला म्हणून नफ्यात वाटा दिला, तरी तेवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. फंडांच्या बाबतीत २०२१ मध्ये बंगळूरच्या सेवाकर न्यायाधिकरणाने कॅरीसारख्या रकमा सेवेची फी ठरविल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला; फंडाचा न्यास आपल्याच गुंतवणूकदारांस सेवा विकणारी वेगळी व्यक्ती धरता येत नाही, असे त्याने म्हटले.