घरांत आलेला जुना ट्रॅक्टर

मृगाचा पाऊस पडून गेला, कीं सेनगांवकडील काळ्या रानांत वाफसा येतो. तो फार तर दोनचार दिवस टिकतो. तेवढ्या अवधींत पाळी घालून पेरणी उरकली नाहीं, तर पुढें आभाळाकडे पाहत बसण्यावांचून गत्यंतर नसतें. भाड्याचा ट्रॅक्टर प्रथम मोठ्या शेताकडे जातो आणि चार एकरांच्या तुकड्याकडे सर्वांत शेवटीं वळतो. आमच्या तिघां भावांच्या एकत्र शेतीचे असे पांच तुकडे आहेत. लागोपाठ दोन वर्षें सोयाबीनची पेरणी मागें पडली, तेव्हां बैठकींत स्वतःच्या ट्रॅक्टरचा विषय निघाला.

तरुण मंडळींचा आग्रह नव्याचा होता. परंतु कर्ज काढून कांहींहि दारांत आणावयाचें नाहीं, असें तीर्थरूपांनीं स्पष्टच सांगितलें. अखेर नजर गेली ती शेजारच्या गांवीं एका गोठ्यांत उभ्या असलेल्या एच्. एम्. टी. २५११ वर.

ह्या यंत्राची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. चेकोस्लोव्हाकियांतील बर्नो शहरीं १९४६ सालीं झेटर ट्रॅक्टर निघूं लागले. इकडे १९५३ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी कंपनीनें १९७१ सालीं हरियाणांतील पिंजोर येथें झेटरच्याच सहकार्यानें हा २५ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरांचा ट्रॅक्टर बांधावयास घेतला. वडिलांच्या मनगटावरील घड्याळ आणि हें धूड एकाच घराण्याचें, हें ऐकून आमच्या मातोश्रींना त्याच्याविषयीं एकदम आपुलकी वाटूं लागली! पुढें मात्र हा ट्रॅक्टर विभाग तोट्यांत गेला, आणि २०१६ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तो बंद करण्यास मंजुरी दिली. ज्याचा कारखानाच मिटला, त्याचे सुटे भाग कोठून आणावयाचे? म्हणून आम्हीं विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीं मिस्त्रीकडे गेलों. क्लचची पाटी, पिस्टनच्या रिंगा, लिफ्टचे सील हे भाग मिळवून देण्याचें त्यानें पत्करलें, तेव्हांच पुढचें पाऊल टाकलें.

ठरल्या वेळीं गेलों, तों पहिल्याच झटक्यास इंजिन सुरू झालें. सर्वांना आनंद झाला. परंतु मिस्त्रीनें आधींच त्यावर हात ठेवून पाहिला होता. तें चांगलें तापलेलें होतें. दुसऱ्या दिवशीं पहाटे न कळवितां गेलों. थंड इंजिनानें बरीच कुरकुर केली आणि निळसर धूर सोडला. काळा धूर असता, तर हवेची जाळी किंवा डिझेलचा पंप पाहून भागलें असतें. निळा धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे, अर्थात् रिंगा व लायनर झिजले आहेत. तेल काढून पाहिलें, तें दुधाळ नव्हतें, म्हणजे त्यांत पाणी तरी शिरलेलें नव्हतें. नंतर मागें कल्टिव्हेटर जोडून उचलला व इंजिन बंद केलें. आमचा चहा होईपर्यंत तो हळूहळू भुईस टेकला. एवढ्या दोन गोष्टींवर किंमत बरीच उतरली.

खरी अडचण कागदांत निघाली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हा ट्रॅक्टर त्याच्याहि पूर्वींचा, परभणीच्या नोंदीचा, आणि नोंद विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नांवें! पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर दर पांच वर्षांनीं करावयाचें नूतनीकरणहि राहून गेलेलें. घरांतील कोणी म्हणालें, «शेतांतच तर चालवावयाचा आहे!» हा विचार घातक होय. बिनकागदी वाहनाखालीं उद्यां कोणी सांपडलें, तर सारें घर त्याखालीं येईल. म्हणून आधीं ३१ क्रमांकाच्या अर्जानें वारसाचें नांव लागलें, नूतनीकरण झालें, मग २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांनीं तो आमच्या नांवें झाला. चासीचा व इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशीं ताडून पाहीपर्यंत आम्हीं पूर्ण रक्कम दिली नाहीं.

घरच्या स्त्रियांचा तेलकट हातांविरुद्धचा नियम पहिल्याच आठवड्यांत झाला: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडेच थांबावयाचें. त्याहून कडक नियम आम्हीं केला तो मागच्या फिरत्या दांड्याबद्दल. हा दांडा मिनिटाला सुमारें ५४० फेरे घेतो. पदराचें वा धोतराचें टोंक त्यांत गेलें, तर सोडविण्यास अवसर मिळत नाहीं. दांड्यावर झांकण नसेल तर मळणी नाहीं. ह्या पिढीच्या ट्रॅक्टरावर चालकाच्या रक्षणाची चौकटहि नसते, म्हणून बांधावर आडवा चढविणें आणि मुलांना मडगार्डवर बसविणें दोन्ही बंद.

उन्हाळ्यांतील खोल नांगरट ह्याच्या आवांक्याबाहेरची; ती आम्हीं अद्याप भाड्यानेंच करवितों. बैलजोडीहि विकली नाहीं, कारण उभ्या पिकांतील कोळपणीला तीच बरी. मात्र यंदा मृगांत पाळी व पेरणी मिळून पांचहि तुकडे तीन दिवसांत उरकले आणि चौथ्या दिवशीं पाऊस आला. क्लच आतां घसरूं लागला आहे. दिवाळीपूर्वीं तो उघडावा लागेल. त्याची नवी पाटी आणून माडीवर ठेवली आहे.