माफीचे साक्षीदार

१८३० सालच्या अखेरीस फिरंगिया नावाचा ठगांचा एक जमादार जबलपूरच्या इंग्रज अंमलदारांच्या हाती लागला. त्याची आई, बायको व मूल सरकारने आधीच अटकेत ठेवली होती. फाशी टळावी म्हणून त्याने साथीदारांची नावे सांगण्याचे कबूल केले. आणि आपले बोलणे खरे आहे हे पटविण्यासाठी सालोढ्याच्या आमराईत, कॅप्टन विल्यम स्लीमनचा तंबू जेथे उभारला होता तेथील जमिनीखालूनच प्रेते उकरून दाखविली. नागपूरकर भोसल्यांकडून १८१८ साली इंग्रजांकडे आलेला हा नर्मदाकाठचा मुलुख. स्लीमनने येथील नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार १८२२ पासून पाहिला होता. त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठग राहत होते आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. कारभाऱ्याला जे दिसले नाही ते दाखवावयास अखेर गुन्हेगारच लागला.

एका गुन्हेगाराला माफी द्यावयाची आणि त्याच्याकरवी दुसऱ्याचा माग काढावयाचा, ही युक्ती इंग्रजांना नवी नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अटलांटिक महासागरातील बहामा बेटांवर तिचा मोठा प्रयोग झाला होता. तो करणारा गव्हर्नर वूड्स रॉजर्स हा स्वतः एके काळचा लुटारू. मात्र सनदी लुटारू.

सनदी म्हणजे काय? युद्धकाळात इंग्लंडचा राजा खासगी जहाजांना शत्रूची गलबते धरण्याचा लेखी परवाना देत असे. लुटीची वाटणी भागीदारांत व खलाशांत होई. परवाना नसेल तर तेच कृत्य चाचेगिरी ठरे आणि तिची शिक्षा फास. कोकणच्या श्रोत्यांना येथे कान्होजी आंग्रे आठवतील. छत्रपतींचा हा सरखेल आपले दस्तक नसलेली जहाजे उघडपणे अडवी, तरी मुंबईकर इंग्रजांच्या लेखी तो चाचाच राहिला. कोणाचा कागद खरा मानावयाचा, एवढाच काय तो प्रश्न!

रॉजर्स १७०८ साली असा कागद घेऊन ब्रिस्टलहून दोन जहाजांनिशी निघाला. १७०९ च्या फेब्रुवारीत हुआन फर्नांडेझ या निर्जन बेटावर चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने काढलेला अलेक्झांडर सेल्कर्क त्याला सापडला. ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या मागे ज्यांची हकीगत आहे असे मानतात, त्यांत हा प्रमुख. पुढे त्याने ग्वायाकिल शहर लुटले आणि मनिलाहून येणारे एक स्पॅनिश जहाज धरले. त्या झुंजीत बंदुकीची गोळी त्याच्या जबड्यात घुसली. पृथ्वीप्रदक्षिणा करून तो १७११ साली परतला तो कीर्ती घेऊन. पैसा मात्र हाती राहिला नाही. पुढे मादागास्करहून गुलामांची खेपही त्याने केली, हे त्याच्या चरित्रात झाकून ठेवण्यासारखे नाही.

१७१८ च्या जुलैत तो गव्हर्नर म्हणून नासाऊ बंदरात उतरला. बंदर चाच्यांच्या ताब्यात होते. त्याच्याजवळ आरमारापेक्षा मोलाची एक वस्तू होती : शरण येणाऱ्यास राजाची माफी. शेकडोंनी ती घेतली. चार्ल्स व्हेनसारखे काही पळाले. एडवर्ड इंग्लंड हा तेथलाच एक चाचा दोन वर्षांत हिंदी महासागरात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चालून आला. माफी घेणाऱ्यांत बेंजामिन हॉर्निगोल्ड हा जुना म्होरक्या होता. रॉजर्सने त्यालाच चाच्यांच्या मागावर पाठविले. माफी घेऊन पुन्हा लुटीकडे वळलेले काहीजण त्याने पकडून आणले आणि त्यांतील आठ जण त्याच डिसेंबरात फासावर गेले. १७२० मध्ये स्पॅनिशांचा हल्लाही परतला. एवढे करून रॉजर्स १७२१ साली इंग्लंडला परतला तेव्हा कर्जापायी तुरुंगात पडला! १७२९ साली तो पुन्हा गव्हर्नर होऊन आला आणि १७३२ साली नासाऊलाच वारला.

नासाऊची माफी मोकळी करणारी होती. माफी घेतलेल्याने कोठेही जावे. पुन्हा लुटले तर फास. जबलपूरची माफी तशी नव्हती. येथे जीव मिळाला, सुटका नाही. साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून त्यांच्या जबान्या ताडून पाहात, घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत, प्रेते उकरून पडताळा पाहात. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. पडताळ्याची ही पद्धत काळजीपूर्वक बसविलेली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतःचा गळा वाचविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याची जीभ ती! १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच सिद्ध झाले तरी सक्तमजुरीची जन्मठेप ठरली. अमुक खून अमुक हाताने झाला हे दाखविण्याची गरज उरली नाही. अशा साक्षीवर किती निरपराध गोवले गेले असतील, हा प्रश्न अलीकडच्या इतिहाससंशोधकांनी उगाच विचारलेला नाही.

स्लीमन पुढे लखनौचा रेसिडेंट झाला आणि १८५६ साली मायदेशी जाताना समुद्रावरच मरण पावला. कटनीच्या वाटेवरचे स्लीमनाबाद त्याचे नाव अजून चालवीत आहे. त्याचे साक्षीदार मात्र जबलपुरातच राहिले. त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलांसाठी उघडलेल्या उद्योगशाळेत ते तंबू शिवीत आणि गालिचे विणीत बसले.