सरकत्या कांचेच्या दाराभोंवतीं लांकडी पट्टी



देऊळघाट हें बुलढाण्याजवळचें, पैनगंगेच्या काठचें आमचें गांव. आमच्याकडे पूर्वीं वस्ती पांढरीवर होई व काळी शेतीसाठीं राखली जाई. त्यांत मोठा व्यवहार होता. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत वाळून भेगाळते, आणि तिच्यावर उभारलेली भिंत ऋतूबरोबर किंचित् हलते. आतां घरें काळींत गेलीं, व दोन झडपांच्या कवाडांच्या जागीं सरकतीं कांचेचीं दारें आलीं. अशा दाराच्या आंतल्या बाजूस भिंत व ॲल्युमिनियमची चौकट यांमधील फट झांकण्यासाठीं जी लांकडी पट्टी मारतात, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यानें मला एक धडा शिकविला. निवृत्तीनंतर बांधलेल्या घरांत मी असें दार बसविलें. वैशाखाचे दिवस होते. सुतार म्हणाला, "गुरुजी, दारालगत एक सूत मोकळें सोडूं." ती फट माझ्या डोळ्यांस खुपली. "पट्टी घट्ट भिडव," असें मी बजाविलें. श्रावणांत पट्टी फुगून झडपेला टेकली, आणि एके पहांटे ओसरीवर गेलेल्या माझ्या थोरल्या वहिनी पावसांत बाहेरच अडकल्या. दार ओढण्याइतकें बळ त्यांच्या हातांत उरलें नव्हतें, आणि त्यांच्या हांका मला फार उशिरां ऐकूं आल्या. पावसाळ्यांत कवाडें घट्ट कां होतात, हा प्रश्न ज्यानें तीस वर्षें मुलांना विचारला, त्याच्याच घरीं हें घडावें!

कारण समजून घेऊं. लांकूड तंतूंच्या दिशेनें, म्हणजे लांबींत, जवळजवळ वाढत नाहीं. वाढतें तें रुंदींत. सागासारखें गुणी लांकूडही कोरड्या ऋतूंतून ओल्या ऋतूंत गेलें कीं ४ इंच रुंदीच्या पट्टीमागें १ ते १॥ मिलीमीटर फुगूं शकतें. ॲल्युमिनियमची रीत निराळी. तें ओलीनें नव्हे, उष्णतेनें वाढतें. २ मीटर लांबीचा तुकडा २५ अंशांनीं तापला, तर सुमारें १ मिलीमीटर लांबतो. कांच तेवढ्याच उष्णतेनें त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढते. भिंत, धातु, कांच व लांकूड हे चार शेजारी असे निरनिराळ्या वेळीं हातपाय पसरतात. त्यांना मोकळीक ठेवून फट झांकणें, एवढेंच पट्टीचें काम.

म्हणून लांकूड कापण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस त्याच खोलींत ठेवावें. ओळंबा व पाणसळ लावून चौकट पाहावी; ती वांकडी असेल तर पट्टीनें दोष लपवूं नये, आधीं चौकट सरळ करावी. भोंवतालची फट सिलिकोनसारख्या लवचिक पदार्थानें भरावी. मग भिंतींत लांकडी गुल्ल्या ठोकून पट्टी त्यांवर स्क्रूनें आंवळावी. धातूच्या चौकटींत स्क्रू मारूं नये. झडपेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतर सोडावें. पट्टीच्या पाठीसही पॉलिश द्यावें, नाहीं तर ती एकाच अंगानें ओल घेऊन वांकते.

कोंपऱ्यांत ४५ अंशांचा तिरपा सांधा शोभिवंत दिसतो खरा, पण लांकूड फुगलें कीं त्याचें बाहेरचें टोक उघडतें आणि वाळलें कीं आंतलें. आमच्या हवेंत उभ्या पट्ट्यांवर आडवी पट्टी सरळ टेकविणेंच बरें. वरची पट्टी मात्र अशी असावी कीं, चाकें बदलण्याची वेळ आल्यास झडप उचलून काढतां यावी.

त्याच सुतारानें दुसऱ्या दिवशीं येऊन पट्टी सोडविली, रंधा मारून एक सूत कमी केली, व एक शब्दही न बोलतां परत बसविली. मजुरी घेण्यास तो तयार नव्हता. ती मी आग्रहानें त्याच्या हातावर ठेविली, आणि चूक माझी होती हेंही वहिनींच्या देखत सांगितलें. आतां त्या तें दार एका हातानें सरकवितात. ती फट अजून दिसते. पण आतां ती डोळ्यांस खुपत नाहीं.