संगणकातली भिवंडी कोरडी का?

बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय. घरातल्या संगणकावर मुंबईहून उडालेलं विमान ठाणं ओलांडून भिवंडीवर आलंय. पडद्यावरही काचेवर थेंब आहेत, ढग खाली उतरलेत. जमीन मात्र मे महिन्यासारखी तपकिरी! असं का?

कारण तिथलं आकाश आजचं आहे, जमीन जुनी. २०२० साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ या विमान उडवण्याच्या खेळात हवामानाची माहिती खेळतानाच इंटरनेटवरून येते. जमीन म्हणजे बिंग नकाशांसाठी आधी टिपलेली छायाचित्रं. ढगांआडून जमीन दिसत नाही, म्हणून छायाचित्रं निरभ्र दिवसांतलीच निवडावी लागतात.

फोटो सतरंजीसारखा सपाट. तो डोंगरदऱ्यांच्या चढउतारावर अंथरला जातो. खरी गंमत पुढे आहे. ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क कंपनीच्या प्रणालीनं फोटोतली छपरं ओळखून जगभर सुमारे दीडशे कोटी इमारती उभ्या केल्या. वरून छप्पर दिसतं, उंची नाही. ती अंदाजानं किंवा लोकांनी भरलेल्या खुल्या नकाशावरून. त्या नकाशात मेलबर्नच्या एका उपनगरातल्या इमारतीचे मजले कुणीतरी २ ऐवजी २१२ लिहिले, आणि खेळात तिथे ढगांत घुसणारा सुळका उभा राहिला!

भिवंडीची नवी गोदामं या प्रणालीला त्या मानानं सोपी: लांबरुंद, बसकी. अवघड जातात त्या यंत्रमागांच्या जुन्या गल्ल्या. छपराला छप्पर भिडलेलं. कुठे घर संपलं आणि कुठे कारखाना सुरू झाला, हे वरून पाहून माणसालाही सांगता येत नाही.