साफ्टा करार : आठ देश आणि आपला माग

'साफ्टा' हे नाव व्यापारी बंधूंच्या कानावर आले असेलच. पण त्याचा आपल्या मागाशी संबंध काय, असा प्रश्न मालेगाव-भिवंडीच्या विणकराला पडतो. संबंध थेट आहे.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या या करारावर ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबाद येथे सह्या झाल्या. १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, भूतान व मालदीव हे मूळचे सात सदस्य. अफगाणिस्तान मागाहून आला. आपसांतील मालावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरविणे हा कराराचा गाभा. मात्र घरचा धंदा जपण्यासाठी प्रत्येक देशाला 'संवेदनशील यादी' ठेवण्याची मुभा आहे. यादीतील मालाला सवलत मिळत नाही.

भारताच्या यादीत तयार कपडे होते. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग ढाक्याला गेले, तेव्हा ४६ वस्त्रप्रकार बांगलादेशासाठी खुले करण्याचे जाहीर झाले. नोव्हेंबरात तर अल्पविकसित सदस्य देशांपुरती ४८० वस्तूंची यादी २५ वर आली. उरले ते दारू व तंबाखू. ढाक्याचे शर्ट-पॅन्ट मूळ आयात शुल्काविना येऊ लागले.

खरी मेख 'मूळ देशा'च्या नियमात आहे. भारताच्या मालात निदान ४० टक्के मूल्य येथले हवे. अल्पविकसित देशाला ३० टक्के पुरतात. समजा, ढाक्यात ६० रुपयांचे चिनी कापड शिवून १०० रुपयांचा शर्ट झाला. ४० रुपये तेथले, म्हणून शर्ट बांगलादेशी ठरतो. तेच चिनी कापड थेट मुंबईत उतरले तर शुल्क पडते. शिवून आले की सुटते! भुर्दंड बसतो तो येथल्या विणकराला व शिलाई कारागिराला.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बांगलादेश आपला कापूस व सूत मोठ्या प्रमाणावर घेतो. सूतगिरणीला जो फायदा, तो मागवाल्याला मिळतोच असे नाही.

शिवाय करारावर राजकारणाची सावली असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले. मे २०२५ मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांना खुष्कीचा मार्ग बंद करून फक्त न्हावा शेवा व कोलकाता ही बंदरे ठेवली.

आयात करणाऱ्या बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे नुसता मूळ देशाचा दाखला पुरत नाही. माल कोठे, कशापासून बनला याची माहिती स्वतःजवळ हवी आणि कागदपत्रे पाच वर्षे जपावी लागतात. विणकर संघटनांनीही मागणी नेमकी करावी. 'आयात बंद करा' म्हणण्यापेक्षा 'शर्टाचे कापडही सदस्य देशातच विणलेले असावे' हे म्हणणे अधिक वजनदार ठरेल.