पट्टा छोटा, बोल्ट मोठा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, टायमिंग बेल्ट बदलून गाडी घरी न्यायची वेळ आली, की बिल हातात घेऊन बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "अहो, पट्टा एवढासा, मग मजुरी एवढी कशी?" मी गॅरेज चालवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्याचं उत्तर पट्ट्यात नाही. पट्ट्याच्या वाटेत बसलेल्या पुलीत आहे.

आधी हा पट्टा करतो काय, ते पाहू. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टनच्या वर-खाली होण्यानं तो फिरतो. वर असतो कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतो आणि मिटतो. खालच्याच्या दोन फेऱ्यांना वरच्याची एक फेरी, हा हिशेब चुकता कामा नये. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते. हा ताल सांभाळतो तो दात्यांचा पट्टा.

जुन्या अॅम्बॅसॅडरमध्ये आणि पद्मिनीत हे काम साखळी करायची. 1962 मध्ये जर्मनीच्या ग्लास 1004 या गाडीत रबरी पट्टा आला. आपल्याकडे 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्येही पट्टाच होता. पट्टा हलका, आवाज कमी करणारा, त्याला तेलपाणी नको. पण रबराला वय असतं. पट्टा बहुधा काही न सांगता तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात. झडपा वाकल्या की इंजिन उघडावंच लागतं.

हा पट्टा झाकणाच्या आत असतो, आणि बहुतेक गाड्यांत झाकणाच्या पुढे क्रँकशाफ्टच्या टोकाला पुली बसवलेली असते. अल्टरनेटर, एसी यांचे बाहेरचे पट्टे तिच्यावरून फिरतात. ती निघाल्याशिवाय खालचं झाकण निघत नाही. काही इंजिनांत चार-पाच छोटे बोल्ट काढले की पुली हातात येते. पुष्कळ गाड्यांत मात्र मधोमध एकच मोठा बोल्ट असतो. तो मुळात जबर आवळलेला, त्यात वर्षानुवर्षांची उष्णता आणि गंज. पाना लावून जोर केला, तर बोल्ट सुटायच्या ऐवजी अख्खा क्रँकशाफ्टच फिरतो. म्हणून आधी तो धरून ठेवावा लागतो.

धरण्याच्या योग्य रीती ठरलेल्या आहेत. पुलीला बसणारं लांब दांड्याचं हत्यार वापरावं, किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांत लॉक घालावं. हाताच्या गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. टायमिंग जुळवण्यासाठी कॅमशाफ्टला लावतात त्या पिना एवढा जोर सोसायला बनवलेल्याच नसतात, त्यांच्यावर भार देऊ नये.

काही जण पाना चेसीला टेकवतात आणि स्टार्टर मारतात. बोल्ट सुटतो खरा, पण पाना निसटला तर हात मोडेल. शिवाय होंडाच्या बऱ्याच जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्ट उलट दिशेनं फिरतो. तिथं या युक्तीनं बोल्ट सुटत तर नाहीच, उलट आणखी आवळला जातो.

बोल्ट निघाल्यावरही पुली अडून बसते. तेव्हा हातोडा उचलायचा मोह होतो. पण पुष्कळ पुल्या अखंड लोखंडाच्या नसतात. आतलं चाक आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो, तो इंजिनाचे हादरे गिळतो. कड्याला पुलर लावून ओढलं किंवा छिन्नी घालून उचकटलं, की तो थर सुटतो. पुलरचे बोल्ट पुलीच्या मधल्या भागातल्या आट्यांत बसवून ती सरळ ओढायची, हीच रीत.

याहून मोठा धोका पुली परत बसवताना असतो. माझ्याकडे एक गाडी आली होती. दुसरीकडे पट्टा बदलून काही महिनेच झाले होते. इंजिन दम टाकत होतं. उघडून पाहिलं तर मधला बोल्ट ढिला, पुली डुलून डुलून क्रँकशाफ्टची खाच रुंदावलेली आणि तिच्यातली चावी झिजलेली. पट्टा नवाकोरा, पण क्रँकशाफ्ट बदलावा लागला. मालक भाड्यानं गाडी चालवणारे. त्यांचे तेवढे दिवस बुडाले ते वेगळेच.

हा बोल्ट अंदाजानं आवळायचा नसतो. त्याला टॉर्क रेंच लागतो. 100 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलो वजन टांगण्याइतका जोर. आपल्या इंजिनाला किती हवा, ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही ठिकाणी बोल्ट नवाच घालावा लागतो.

म्हणून गाडी देताना मजुरीवर घासाघीस करण्यापेक्षा चार गोष्टी विचारा. बोल्ट टॉर्क रेंचनं आवळणार ना? इंजिन सुरू करण्याआधी हातानं दोन पूर्ण फेरे देऊन खुणा जुळवणार ना? टेन्शनर आणि ऑइल सील पाहणार ना? वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल, तर तोही आताच बदलायचा का? पुन्हा हीच खोलाखोल करायची म्हणजे हीच मजुरी पुन्हा.

आणि आज घरी गेल्यावर गाडीची पुस्तिका काढा. बऱ्याच गाड्यांत आता पुन्हा साखळी आली आहे. तुमच्या गाडीत पट्टा असेल, तर किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी तो बदलायचा, ते तिथं छापलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल, ते खरं.